पुढे होऊन झाकणं

क्लेमंट थर्टलला लॅटिनच्या वर्गात आणलं ते मी. मला स्वतःला बायकोने पाठवलं होतं. दलदलीतला बोरू कापायचं काम मुलाच्या हाती सोपवल्यापासून मी दिवसभर घरात तिच्या पायात पायात येत होतो. मंगळवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये हेस्टर गूच लॅटिन शिकवणार आहेत असं कळल्यावर तिने माझा कोट माझ्या हातात दिला आणि दार उघडून धरलं. एकट्याने जायचं जिवावर आलं, म्हणून मी क्लेमंटला धरून नेलं. आम्ही दोघं शाळेत एका बाकावरचे. तो घरं शाकारणारा, मी त्याला बोरू पुरवणारा. उभा जन्म एकमेकांना शिव्या देत सुखाने काढलेला.

आमच्या थॉर्नसीत आणि आसपासच्या गावांत जी घरं अजून बोरूने शाकारलेली आहेत, त्यातल्या बहुतेकांवरून क्लेमंटचा हात फिरलेला आहे. पण एका कोठारावरून पडून त्याचं कंबरेचं हाड मोडलं आणि शिडी सुटली. तेव्हापासून तो उजवा पाय ओढत चालतो आणि पायाचा सगळा राग जिभेवर काढतो.

त्याला हॉलवर सोडायला त्याची मुलगी ब्रायनी यायची. तिनेही बापाचाच धंदा धरला होता, पण बापाच्या हाताखाली राहून नाही. क्लेमंटने तिला पेंढ्या बांधायला शिकवलं, थापीने बोरू ठोकून सारखा करायला शिकवलं, वळचणीपर्यंत काम करू दिलं. त्याच्या वर तिने पाय टाकला की खालून आरडाओरडा. शेवटी ती शेजारच्या सफक परगण्यात गेली, तिथल्या एका कारागिराकडे काही वर्षं राहिली आणि पुरी तयार होऊन परत आली. आता तिची स्वतःची व्हॅन होती, स्वतःची कामं होती. बापाला ती रोज भेटायची, पण कुठल्या छपरावर आहे ते सांगायची नाही.

वर्गाच्या दिवशी घरी जाऊन परत येण्यापेक्षा ती मागच्या खुर्चीवर चहा घेऊन बसायची. गूचबाई तिला काही विचारत नसत. बाईंनी नॉरिचच्या शाळेत जन्मभर लॅटिन शिकवलेलं. मोठ्याने बोलायची सवय, आणि चुकीचं उत्तर आलं तरी त्यातून काहीतरी कामाचं काढायची हातोटी.

त्या सुमारास गावात चर्चच्या छपराचा विषय चालला होता. आमचं चर्चही बोरूनेच शाकारलेलं आहे. बाकीचं छप्पर धड होतं, पण आढ्यावरचा लव्हाळ्याचा थर पार कुजला होता आणि तो नवा घालायला हवा होता. समितीने क्लेमंटला विचारलं की काम कुणाला द्यावं. सगळ्यांना वाटलं, तो लेकीचं नाव घेईल.

तो म्हणाला, "ब्रायनी सोडून कुणालाही द्या."

कारण विचारलं तर म्हणाला, "मी माझ्या पोरीला प्रोटेक्ट करतोय. त्यात समितीने पडायचं काम नाही."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच छपरावरून क्लेमंटचा धाकटा भाऊ आल्फ्रेड पडला होता. दोघं त्यांच्या वडिलांबरोबर काम करत होते, वयाने अजून पोरंच. आल्फ्रेड जागच्या जागी गेला. क्लेमंटने पुढे शेकडो छपरं केली, पण चर्चच्या छपराला परत हात लावला नाही आणि आल्फ्रेडचं नावही कधी काढलं नाही. समितीने काम सफकच्या एका माणसाला दिलं. तो ईस्टरनंतर येणार होता.

हे ब्रायनीला सोमवारी कळलं. मंगळवारी ती वर्गाला आली तेव्हा बापलेक एकाच व्हॅनमधून उतरले, पण दोन वेगळ्या गावांहून आल्यासारखे आत आले.

मी आपलं वातावरण सैल करावं म्हणून म्हटलं, "बाई, आज आमच्या क्लेमंटचा एक शब्द घ्या. प्रोटेक्ट. हल्ली तो फार वापरतोय."

"सिलस, तोंड आवर," क्लेमंट म्हणाला.

पण बाईंनी खडू उचलला होता. "चांगला शब्द आहे. म्हणजे काय, क्लेमंट?"

"म्हणजे काय म्हणजे? सांभाळणं. धोका असेल तिकडे जाऊ न देणं."

"ते झालं अडवणं. शब्द फोडून बघू." बाईंनी फळ्यावर दोन तुकडे केले. "पहिला तुकडा प्रो. म्हणजे पुढे, समोर. दुसरा तुकडा तेगेरे या क्रियापदावरून आलाय. तेगेरे म्हणजे झाकणं. प्रोटेक्ट म्हणजे पुढे होऊन झाकणं. एवढंच. त्यात कडी नाही, कुलूप नाही."

"मग गार्ड करणं?" मी विचारलं.

"गार्डच्या मुळाशी नजर आहे. डोळ्यांत तेल घालून बघत राहणं. वॉर्ड हा शब्दही त्यातलाच. डिफेंडच्या मुळाशी मारणं आहे, येणाऱ्याला हाणून दूर ढकलणं. सगळे शब्द आपण रक्षण करण्याच्या एकाच टोपलीत टाकतो, पण प्रत्येकाचा हात वेगळा चालतो. एक बघतो, एक हाणतो, आणि प्रोटेक्ट झाकतो." बाई क्लेमंटकडे वळल्या. "आता तुझ्या कामाची गोष्ट. तुम्ही लोक बोरूच्या छपराला काय म्हणता?"

"थॅच. माझे वडील थॅक म्हणायचे."

"तुझे वडील जुनं रूप धरून होते. लॅटिनमध्ये जिथे त येतो, तिथे आपल्या इंग्रजीत पुष्कळदा थ येतो. त्यांचं त्रेस, आपलं थ्री. त्यांचं तेनुइस, म्हणजे बारीक, आपलं थिन. तसंच त्यांचं तेगेरे आणि आपलं थॅच. एकाच मुळाची दोन पोरं. एक पोर आपल्या पूर्वजांच्या तोंडून होडीत बसून या किनाऱ्यावर आलं आणि छपरावर चढलं. दुसरं रोममध्ये शिकलं आणि पाचेकशे वर्षांपूर्वी पुस्तकांतून आपल्याकडे पोचलं. कौलाला टाइल म्हणतो, तेही त्याच घरातलं. हिंदुस्थानातल्या संस्कृतातसुद्धा त्याचा भाऊबंद आहे, स्थग् म्हणून. अर्थ तोच, झाकणं."

क्लेमंट फळ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू सैलावला. "म्हणजे मी जन्मभर जे केलं ते प्रोटेक्टच."

"अक्षरशः."

"ऐकलंस?" तो मला म्हणाला. "तू नुसतं गवत कापत होतास."

"मी कापलं नसतं तर तू काय झाकणार होतास, डोक्यावरची टोपी?"

सगळे हसले. इथे विषय संपला असता. पण बाई शिक्षिका होत्या, धडा अर्धा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्या म्हणाल्या, "छप्पर काय करतं बघ. पाऊस स्वतःच्या अंगावर घेतं. खालचं माणूस आपलं काम करत राहतं, चूल पेटवतं, पोरं वाढवतं. छप्पर त्याला हलू नको म्हणत नाही."

क्लेमंटचं हसू गेलं. "हे मला उद्देशून चाललंय का?"

"मी क्रियापद शिकवतेय."

मागून ब्रायनीचा आवाज आला. ती वर्गात बोलली ते तेव्हा पहिल्यांदाच. "बाबा, छप्पर माणसाच्या डोक्यावर असतं. उरावर बसत नाही."

क्लेमंट उठला. टोपी घातली, कप तसाच ठेवला आणि पाय ओढत दाराबाहेर गेला. ब्रायनी व्हॅन घेऊन त्याच्या मागे गेली, खिडकीतून बोलत राहिली, पण तो काही आत बसला नाही. घरापर्यंत तो चालत पुढे आणि व्हॅन बैलगाडीच्या चालीने मागे, अशी त्यांची वरात आख्ख्या गावाने पाहिली.

पुढचे काही मंगळवार तो आला नाही. मी घरी गेलो तर हवेवर बोलायचा, बटाट्यांवर बोलायचा. एकदा मात्र मी निघताना म्हणाला, "सिलस, तो प्रो. त्याचा अर्थ पुढेच ना? नक्की?"

"बाईंनी तसंच सांगितलं."

"हं," तो म्हणाला.

मार्चमध्ये वादळ झालं. समुद्रावरून आलेला वारा दोन दिवस गावावर घोंघावत होता, आणि तो ओसरला त्या सकाळी चर्चच्या आढ्याचा बराच मोठा तुकडा कबरींमध्ये येऊन पडला होता. आत पाणी ठिबकत होतं, आणि नेमकं वेदीसमोरच्या जुन्या लाकडी पडद्याच्या वर. त्यावर रंगवलेले संत सहाशे वर्षं जुने आहेत. आम्ही त्यांच्यावर जाजमं टाकली, बादल्या लावल्या. सफकच्या माणसाला फोन केला तर त्याच्याकडेच चार छपरं उडाली होती. पाऊस दुपारी परत येणार होता.

मी ताडपत्री आणायला घरी गेलो आणि परत येऊन पाहतो तर क्लेमंट शिडीवर.

दक्षिणेच्या भिंतीला त्याने स्वतःची जुनी लाकडी शिडी लावली होती आणि वळचणीपर्यंत पोचला होता. तिथे त्याची कंबर अडकली होती. वर जाता येईना, खाली येता येईना. मी धावत जाऊन शिडी धरली.

"क्लेमंट, खाली ये."

"येतो. जरा दम घेतोय."

"गाढवा, तुझा पाय थरथरतोय. इथून दिसतंय मला."

माझी बायको कुंपणापाशी उभी होती. तिने केव्हाच ब्रायनीला फोन केला होता. व्हॅन आली, ब्रायनी उतरली. मला वाटलं आता ओरडेल. तिने आपली अॅल्युमिनियमची शिडी काढली, बापाच्या शिडीशेजारी लावली आणि चढून त्याच्या बरोबरीला जाऊन उभी राहिली. दोघांची तोंडं भिंतीकडे, खांद्याला खांदा.

"काय चाललंय बाबा?"

"पुढे झालोय. गूचबाईंनीच शिकवलंय. प्रो म्हणजे पुढे. मी वर गेलो की तुला जायला नको."

ती म्हणाली, "शब्द दोन तुकड्यांचा आहे. तुम्ही पुढे झालात, ठीक. पण झाकणार कोण? या कमरेने तुम्ही वर ताडपत्री नेणार?"

क्लेमंटची बोटं शिडीच्या पायरीवर पांढरी पडली होती.

"आल्फीकाका इथेच पडले ना?" तिने विचारलं.

मी खाली शिडी धरून उभा होतो आणि मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण तो बोलू लागला, तेही भिंतीशी बोलावं तसा. "त्या बाजूला. उत्तरेकडे. बोरू ओला होता. आमचा बाप म्हणायचा, दोर भित्र्यांसाठी असतो. आल्फी घसरला तेव्हा मी त्याच्या हाताच्या अंतरावर होतो. धरायला काहीच नव्हतं. दोर असता तर धरलं असतं."

"माझ्याकडे दोर आहे," ब्रायनी म्हणाली. "कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा आहे. सफकमध्ये त्याशिवाय छपरावर चढूच देत नाहीत. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही छपराचं नाव काढलं की उठून जायचात."

तिने त्याचा अडकलेला पाय हाताने धरून खालच्या पायरीवर ठेवला, मग दुसरा. असं करत करत त्याला खाली आणलं. खाली आल्यावर तो एका थडग्याच्या काठावर टेकला, थोडा वेळ श्वास घेतला आणि म्हणाला, "तो पट्टा बघू."

त्याने पट्ट्याचं एकेक बक्कल ओढून पाहिलं. शिवण उलटी करून पाहिली. ब्रायनी हात वर करून उभी राहिली, लहानपणी कोट घालून घेताना उभी राहायची तशी. मग त्याने दोर तपासला, सगळाच्या सगळा, हातातून सरकवत. तपासून झाल्यावर तो आमच्यातला जुना क्लेमंट झाला.

"दोराचं दुसरं टोक उत्तरेला न्यायचं. आढ्यावरून पलीकडे. तिकडच्या यू झाडाच्या बुंध्याला बांधू आणि एक वेढा घेऊन मी हातात धरीन. तू घसरलीस तर झाड धरेल, ढिला दोर मी ओढत राहीन. सिलस, तू मध्ये. तिला काय हवं ते मला सांगायचं, मला काय वाटतं ते तिला सांगायचं नाही."

पातळ दोरीला शिशाचं वजन बांधून ब्रायनीने ते आढ्यापलीकडे फेकलं. पहिल्या दोन खेपांना ते परत घरंगळत आलं, मग गेलं आणि त्यामागून जाड दोर पलीकडे ओढून घेतला. क्लेमंट पाय ओढत चर्चला वळसा घालून उत्तरेला गेला. आल्फ्रेड पडला ती हीच बाजू. मला वाटलं होतं तो तिथे पाऊल टाकणार नाही. त्याने झाडाला दोर बांधला, गाठ माझ्याकडून ओढून पाहिली, मग स्वतः ओढून पाहिली आणि पाय रोवून उभा राहिला. त्याला तिथून छपराची उत्तरेकडची बाजू तेवढी दिसत होती. लेक चढणार होती दक्षिणेकडून. ती आढ्यावर पोचेपर्यंत त्याला दिसणार नव्हती.

ती चढली. मी चर्चच्या कोपऱ्यावर उभा राहिलो, जिथून दोघं दिसत होते. तिने आकड्यांची शिडी वर सरकवत नेली. वाऱ्याचे झोत अजून अधूनमधून येत होते. पाठीवर ताडपत्रीची गुंडाळी.

"ढील," ती ओरडली.

"ढील दे," मी क्लेमंटला सांगितलं.

"दिली. कळलं मला. दोर बोलतोय." त्याने डोळे मिटले होते. "आता ती डावीकडे सरकली. आता थांबली. का थांबली?"

"ताडपत्री सोडवतेय."

"मला दोरावरून वाटलंच. सांग तिला, उजव्या पायाखालचा बोरू दाबून बघ म्हणावं."

"काय वाटतं ते सांगायचं नाही, तूच म्हणालास."

"हे वाटणं नाही, हे काम आहे."

मी सांगितलं. ती वरून म्हणाली, "बघितलं कधीच." मी तेही पोचवलं. क्लेमंटच्या ओठाचा कोपरा हलला.

एकदा ती घसरली. फार नाही, हातभर. शिडीचा एक आकडा भिजलेल्या लव्हाळ्यातून सुटला, आणि माझ्या तोंडून शब्दही फुटायच्या आत क्लेमंटने दोर खेचून ताणलेला होता, टाचा चिखलात रुतलेल्या. दोर ताठ झाला आणि तसाच राहिला. कुणी ओरडलं नाही. मग वरून ब्रायनीचा आवाज आला, अगदी साधा.

"बाबा, उभी आहे मी."

"माहीत आहे," तो म्हणाला. एवढ्या हळू, की मला ते तिच्यापर्यंत पोचवावं लागलं.

जरा वेळाने आढ्यावर तिचं डोकं दिसलं, मग खांदे. ती आढ्यावर घोड्यावर बसावं तशी बसली आणि ताडपत्रीची दुसरी बाजू उत्तरेकडे सोडली. क्लेमंट मान वर करून बघत होता. पाऊस सुरू झाला होता आणि तो त्याच्या तोंडावर पडत होता, पण त्याने टोपी पुढे ओढली नाही. खालच्या माणसांनी ताडपत्रीचे दोर धरून जमिनीतल्या खुंट्यांना बांधले. आतून माझ्या बायकोने ओरडून सांगितलं की ठिबकणं थांबलं.

ब्रायनी उतरून येईपर्यंत क्लेमंटने दोर सोडला नाही. ती वळसा घालून त्याच्यापाशी आली तेव्हाही त्याच्या मुठी मिटलेल्याच होत्या. तिने एकेक बोट उघडलं. तळहात सोलवटले होते.

"हातमोजे घालायचे ना," ती म्हणाली.

"हातमोज्यांतून दोर कळत नाही."

"पुढच्या वेळी पातळ आणते."

पुढच्या वेळी, असं ती म्हणाली आणि त्याने ते खोडून काढलं नाही. माझ्या बायकोने सगळ्यांना गरम चहा आणि सॉसेजचे रोल दिले. क्लेमंटने कबरस्तानाच्या भिंतीवर बसून आल्फ्रेडच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. एकदा आल्फ्रेड चर्चच्या पाद्र्याच्या टोपीत अंडी लपवून विसरला होता, ही तर मीही पार विसरलो होतो. ब्रायनी चहा थंड होईपर्यंत ऐकत बसली. तिने काकाचं नाव ऐकलं होतं, पण काका तिला त्या दिवशी भेटला.

पुढच्या समितीत क्लेमंटने स्वतःहून विषय काढला. सफकच्या माणसाला नको म्हणून कळवावं, त्याला तसंही काम भरपूर झालंय. आढं ब्रायनी थर्टल करील. पण आधी भक्कम परांची बांधायची, दोर लावायचा, आणि ती नको म्हणेल त्या दिवशी कुणी तिला वर पाठवायचं नाही.

"आणि तू?" कुणीतरी विचारलं.

"मी खाली. लव्हाळा निवडायला. तिला निवडता येतो, पण मला चांगला येतो."

एप्रिलभर ते काम चाललं. लव्हाळा माझ्या दलदलीतला. क्लेमंट परांचीखाली खुर्ची टाकून पेंढ्या सारख्या करायचा आणि वर बघून काहीबाही बोलायचा. कडेच्या नक्षीवरून दोघांचं जोरदार वाजलं. त्याला साधी सरळ कड हवी होती, तिला लाटांची. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण कड लाटांचीच झाली, आणि रविवारी प्रार्थनेनंतर तो येणाऱ्याजाणाऱ्याला दंडाला धरून थांबवत होता आणि वर बोट दाखवून सांगत होता की अशी कड या भागात दुसऱ्या कुणाला कापता येत नाही.

त्याच्या पाठीमागे उभी राहून ब्रायनी व्हॅनवर परांचीच्या फळ्या चढवत होती. शेजारच्या गावातल्या एका जुन्या पवनचक्कीचं काम तिला मिळालं होतं, आमच्या चर्चपेक्षा कितीतरी उंच.

"बाबा, येताय का?" तिने हाक मारली. "की तुम्हाला इथेच भाषण द्यायचंय?"

"किती उंच आहे म्हणालीस?"

"सांगत नाही. या आणि बघा."

तो पाय ओढत गेला आणि तिच्या शेजारच्या सीटवर चढून बसला.